शेजारच्या अंगणातून झाशी

झाशी हे नाव कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पाठीशी बांधलेला दत्तक पुत्र, उंचावलेली तलवार, उधळलेला घोडा आणि मागे काळाकभिन्न तट, हे चित्र आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या पुस्तकात पाहिलेले आहे. असे असूनही झाशीला उतरून चार दिवस त्या प्रांतात राहिलेली माणसे आपल्या ओळखीत किती निघतील? पुण्याहून सुटणारी झेलम एक्स्प्रेस आणि मुंबईची पंजाब मेल नित्यनेमाने झाशीवरून जातात. दिल्ली-आग्ऱ्याकडे निघालेले आपले प्रवासी फलाटावर चहा घेतात, मुलांना 'ही राणीची झाशी' म्हणून दाखवितात आणि तोवर गाडी हलते. जे उतरतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो: सकाळी किल्ला, अकरा वाजता राणीमहाल, दुपारी टॅक्सीने खजुराहो. तीर्थाला जाऊन नुसता कळस पाहून परतावे, तसेच हे.

गेल्या जानेवारीत आम्ही थोडे निराळ्या वाटेने गेलो. बँकेत नोकरी करणाऱ्यांना प्रवास रजा सवलत, म्हणजे आमच्या बोलीभाषेतील 'एल.एफ.सी.', हा एक मोठा आधार असतो; मार्चअखेरची लेखाबंदी मानगुटीवर बसण्यापूर्वी ती उपभोगून घ्यावी, हा शहाणपणाही अनुभवाने येतो. (आमचा ग्राहकवर्ग हे वाचून मनात काय म्हणेल, याची कल्पना आहे!) या खेपेस झाशी शहरात हॉटेल घेण्याऐवजी तेथून सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या ओरछ्याजवळच्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी पाच रात्री मुक्काम केला आणि तेथून रोज सकाळी बाहेर पडून आसपासची गावे व शहरे पाहिली. सोबत पत्नी, दहा वर्षांची कन्या आणि सत्तरी गाठलेले वडील होते. खेड्यातील मुक्काम म्हणजे गैरसोय, असा वडिलांचा पहिल्या दिवशीचा अभिप्राय होता. तिसऱ्या दिवशी ते घरातल्या आजोबांबरोबर शेकोटीशी बसून गव्हाच्या भावावर चर्चा करीत होते.

बुंदेलखंडी घर

बुंदेलखंडातील शेतकऱ्याचे जुने घर आपल्याकडील चौसोपी वाड्याचे गरीब भावंड म्हणावे असे असते. दरवाजातून आत शिरताच लागते ती 'पौर', म्हणजे आपली ओसरी आणि बैठकीची खोली यांचा संगम. पाहुणा, सोयरा, पोस्टमन, सगळ्यांची उठबस येथेच. त्यापुढे अंगण, अंगणाच्या कडेने खोल्या, वर कौले, खाली शेणाने सारवलेली जमीन. आमच्या यजमानांनी अंगणाच्या एका अंगाला पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या होत्या. भिंती जाड मातीच्या, त्यांवर पांढऱ्या मातीने काढलेली मोर आणि वेलबुट्टी; मात्र स्नानगृह व शौचालय खोलीला लागून आणि आधुनिक. स्नानासाठी गरम पाणी चुलीवरून बादलीने येई. दाराबाहेर हाक मारली जाई, बादली ठेवली जाई, आणि थंडीने काकडलेल्या माणसाला त्या हाकेइतके मधुर काही वाटत नसे.

घराचा कारभार घरधनिणीच्या हाती होता. गाव तिला 'जिज्जी' म्हणते. बुंदेलीत थोरल्या बहिणीला जिज्जी म्हणतात. आम्हीही तेच संबोधन स्वीकारले. तिने वडिलांना 'बाबूजी' आणि मला 'भैया' म्हटले आणि नात्याचा प्रश्न मिटला. कोणत्याही विनंतीला तिचे उत्तर एकच: 'हओ'. बुंदेली माणसाचा हा होकार दिल्लीच्या 'जी हां'पेक्षा आपल्या 'बरं' ला अधिक जवळचा आहे.

जेवणाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खेड्यातील मुक्कामाचे खरे फळ तेच. पहिल्या रात्री शहरी पाहुण्यांना आवडेल म्हणून पनीरची भाजी आली. ती उत्तम होती, परंतु पनीर खाण्यासाठी बुंदेलखंडापर्यंत कशाला यावे? दुसऱ्या दिवशी घरात जे शिजते तेच वाढावे, अशी विनंती केली. मग ताटात कढी, भात आणि उडदाचे 'बरे' म्हणजे वडे आले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले 'गक्कड' आणि वांग्याचे भरीत आले. एका सकाळी ताकात शिजविलेली 'महेरी' आली. ती तोंडात घालताच वडील म्हणाले, "अरे, या तर ताकातल्या कण्या!" त्यांच्या आईच्या हातची ती चव साठ वर्षांनी चंबळ-बेतवाच्या मुलखात भेटली. हा पदार्थ मराठी फौजांबरोबर उत्तरेत गेला की दोन्हीकडे आपापला उपजला, याचा निवाडा पाकशास्त्राच्या जाणकारांनी करावा.

शेकोटीशी निघालेली गोष्ट

आम्ही झाशी पाहण्यास आलो आहोत आणि झाशीची राणी आमच्याकडची, असे कन्येने पहिल्याच संध्याकाळी अभिमानाने सांगितले. जिज्जीचे सासरे शांतपणे हसले आणि म्हणाले, राणी तुमची खरी, पण किल्ला आमच्या राजाचा. हे वाक्य पुढील चार दिवस आमच्याबरोबर फिरले.

ते अक्षरशः खरे आहे. झाशीचा किल्ला १६१३ साली ओरछ्याचा राजा वीरसिंह देव बुंदेला याने बांगरा नावाच्या टेकडीवर बांधला. पायथ्याच्या वस्तीचे नाव तेव्हा बलवंतनगर होते. झाशी हे नाव कसे पडले, याची तिकडे सर्वतोमुखी असलेली आख्यायिका अशी: जैतपूरचा राजा ओरछ्यास पाहुणा आला असता वीरसिंहाने त्याला महालाच्या गच्चीवर नेले आणि दूरवरचा आपला नवा किल्ला दिसतो का, असे विचारले. पाहुण्याने डोळे बारीक करून उत्तर दिले, 'झाईं-सी' दिसते, म्हणजे सावलीसारखे काही अंधुक दिसते. त्या 'झाईं-सी'ची झाशी झाली. आख्यायिकेचा आधार किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. परंतु ज्या नगरीवर आपण इतका जीव लावला, तिचे नावच मुळी शेजारच्या गच्चीवरून पाहणाऱ्याने ठेवले, ही कल्पना मोठी विलक्षण वाटते. ओरछ्याच्या जहांगीर महालाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर चढून आम्हीही झाशीच्या दिशेने पाहिले. पौषातील धुक्यात झाईंसुद्धा दिसली नाही.

मराठ्यांचा या प्रदेशाशी संबंध आला तो १७२९ मध्ये. महंमदखान बंगशाच्या वेढ्यात सापडलेल्या वृद्ध छत्रसालाच्या साहाय्यास पहिला बाजीराव जैतपूरला धावून गेला. कृतज्ञ छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा बाजीरावास दिला, हा भाग आपणांस परिचित आहे. छत्रसाल पन्न्याचा, ओरछ्याचे बुंदेले निराळे, आणि त्यांच्याशी मराठ्यांचे संबंध असे गोड नव्हते. राणोजी शिंद्यांचे पुत्र ज्योतिबा हे ओरछेकरांकडून मारले गेले. त्याचे उट्टे काढण्यासाठी नारोशंकरांनी ओरछ्यावर स्वारी केली. १७४२ पासून झाशीचा सुभा याच नारोशंकरांकडे होता. त्यांनी किल्ला वाढविला. त्या भागाला शंकरगड म्हणतात. खाली शहर वसविले, महाराष्ट्रातून कुटुंबे आणून तेथे स्थायिक केली. नाशिकच्या गोदाकाठी १७४७ मध्ये बांधलेले नारोशंकराचे मंदिर आणि त्यावरील प्रचंड घंटा आपण पाहिली असेल. मालेगावचा भुईकोटही त्यांचाच. ओरछ्याच्या स्मृतीत मात्र नारोशंकर हे घंटेचे धनी नाहीत. तेथे ते आक्रमक आहेत. शेकोटीशी बसलेल्या त्या वृद्धाला सन-सनावळी ठाऊक नव्हती, पण 'दक्खिनी फौज आली' एवढे त्याच्या गोष्टीत होते. आपल्या इतिहासातील विजय दुसऱ्याच्या अंगणात बसून ऐकणे, हा अनुभव शहरातील हॉटेलच्या खोलीत मिळाला नसता.

पुढे १७८३ मध्ये ओरछ्याच्या राजांनी राजधानी टेहरी, म्हणजे आजच्या टीकमगढला हलविली. राजधानी गेली आणि ओरछा तसेच थबकून राहिले. आज तेथील महाल, देवळे आणि छत्र्या पाहून परदेशी प्रवासी स्तिमित होतात, त्याचे एक कारण असे की, नंतर कोणी काही पाडून नवे बांधण्याइतके महत्त्व त्या गावाला उरले नाही!

झाशीत एक दिवस

आता झाशीविषयी. ओरछ्याहून झाशीला सकाळी मोठ्या रिक्षा भरून जातात. माणसे, दुधाचे कॅन, शाळकरी मुले, सर्वांना सामावून घेण्याची त्यांची क्षमता थक्क करणारी आहे. वाटेत मध्य प्रदेश संपून उत्तर प्रदेश सुरू होतो. या प्रवासात राज्यांची सीमा इतक्या वेळा ओलांडावी लागते की, तिचा हिशेब ठेवणे आम्ही सोडून दिले.

किल्ल्यात 'कडक बिजली' तोफ आहे, पंचमहाल आहे, नारोशंकरांच्या काळातील शिवमंदिर आहे, आणि जेथून राणीने घोड्यासह उडी घेतली असे सांगतात ते स्थळ आहे. त्या स्थळाशी गर्दी असते. त्याहून कमी गर्दी असते ती तोफखान्याचा प्रमुख गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरींशी. झाशीच्या लढाईत राणीच्या बाजूने कोण कोण पडले, याचा इतका थोडक्यात आणि इतका स्पष्ट लेख दुसरा नसेल.

मराठी वाचकाने मात्र किल्ल्यावरून उतरल्यावर लगेच परत फिरू नये. गावातील गणेश मंदिरात १८४२ मध्ये मनकर्णिका तांबे आणि झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांचा विवाह झाला आणि मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली. मंदिर लहान आहे, गल्लीत आहे, पण गाभाऱ्यासमोर उभे राहिले की कोकणातल्या एखाद्या देवळात आल्याचा भास होतो. नेवाळकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. शहराबाहेर लक्ष्मी तलावाच्या काठी त्यांच्या कुलस्वामिनीचे महालक्ष्मी मंदिर आहे आणि जवळच गंगाधररावांची छत्री. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते निवर्तल्यानंतर राणीने ती बांधविली. पुढच्याच वर्षी संस्थान खालसा झाले. राणीला किल्ला सोडून शहरातील महालात राहावे लागले. तोच आजचा राणीमहाल. त्याच्या दिवाणखान्याच्या छतावरील रंगीत नक्षी अद्याप टवटवीत आहे आणि खालच्या दालनांत परिसरातील प्राचीन शिल्पे मांडलेली आहेत.

या शहरात हिंडताना आमच्या पिशवीत विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' होता. पेणजवळच्या वरसई गावचे हे गरीब भिक्षुक मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार असे ऐकून, दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. १ एप्रिलला राणीच्या साहाय्यास आलेल्या तात्या टोप्यांचा बेतवाकाठी पराभव झाला, ३ तारखेला इंग्रज फौजा तटावरून आत शिरल्या आणि ४ तारखेच्या रात्री राणी काल्पीच्या दिशेने निसटली. त्यानंतर शहरात झालेली कत्तल, लूट आणि ग्रंथसंग्रहाचा नाश गोडसे भटजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यांनी हे सारे १८८३ मध्ये लिहून काढले आणि १९०७ मध्ये भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाने कोणतेही मार्गदर्शक पुस्तक घेतले नाही तरी चालेल, हे एक अवश्य घ्यावे.

त्या रात्री घरी परतल्यावर जिज्जीच्या सासऱ्यांनी विचारले, नथेखानाची गोष्ट कोणी सांगितली का? कोणीही सांगितली नव्हती. १८५७ च्या पावसाळ्यानंतर ओरछ्याचा दिवाण नथेखान सैन्य घेऊन झाशीवर चालून गेला होता. राणीने तोफांच्या माऱ्याने त्याला परतवून लावले. इंग्रजांशी लढण्यापूर्वी राणीला लढावे लागले ते शेजाऱ्याशी! आपल्या पुस्तकांत हा प्रसंग दोन ओळींत आटोपतो आणि त्यात ओरछा नुसता 'फितूर' ठरतो. किल्ला वीरसिंहाने बांधला, मराठ्यांनी घेतला, हे शंभर-सव्वाशे वर्षांचे शल्य त्या चढाईमागे असू शकते, हा विचार मनात प्रथमच आला. म्हणून नथेखानाची बाजू न्याय्य ठरत नाही. पण गोष्ट दोन माणसांची झाली, की ती अधिक खरी वाटू लागते.

आणि गंमत पाहा: ओरछ्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या भिंतींवर रामायण आणि कृष्णलीला यांच्या शेजारी बंदूकधारी गोऱ्या शिपायांच्या लढाईची चित्रे आहेत. ती सत्तावनच्या धुमाळीची आहेत, असे मानले जाते. जे राज्य इंग्रजांच्या बाजूला राहिले, त्याच्या देवळात चितारी ती लढाई रंगवून गेला. अंधाऱ्या कमानीखाली ही चित्रे सहज नजरेतून सुटतात. विजेरी बरोबर असावी.

राजा राम आणि दीर हरदौल

ओरछ्याचे वर्णन अनेकांनी केलेले आहे, तेव्हा मी हात आखडता घेतो. राजमहाल, अकबरपुत्र सलीमच्या मैत्रीखातर वीरसिंहाने उभारलेला जहांगीर महाल (याच मैत्रीखातर त्याने १६०२ मध्ये अबुल फजलला ठार केले होते), चतुर्भुज मंदिराची गगनाला भिडलेली शिखरे आणि बेतवाच्या कंचन घाटावरील राजांच्या छत्र्या हे सारे एका दिवसात पाहून होते. छत्र्यांच्या शिखरांवर गिधाडांची घरटी आहेत. गिधाडे दुर्मीळ झाल्याच्या या काळात ती तेथे निवांत पंख पसरून उन्हाला बसलेली दिसतात.

पण रामराजा मंदिराविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. येथे राम देव म्हणून नव्हे, राजा म्हणून पुजला जातो. राणी गणेशकुंवरीने अयोध्येहून मूर्ती आणली; चतुर्भुज मंदिर पुरे होईपर्यंत तात्पुरती म्हणून ती महालात ठेवली आणि मग ती तेथून हलेना, अशी कथा आहे. मंदिर म्हणजे महालच. आरतीच्या वेळी पोलिसांचा सशस्त्र जवान राजाला शासकीय सलामी देतो. प्रसादात विडा आणि अत्तराचा फाया मिळतो. कन्येने विचारले, "इथला राजा देव आहे, तर मग कलेक्टर कोणाचे ऐकतात?" शेजारी उभ्या असलेल्या पुजाऱ्यांना मराठी कळले नाही, हे बरे झाले.

रामापेक्षाही खेड्यापाड्यांतून अधिक जिवंत आहे तो हरदौल. वीरसिंहाचा हा धाकटा पुत्र. वडील भाऊ जुझारसिंह याने आपल्या पत्नीविषयी हरदौलवर संशय घेतला आणि तिच्याच हातून त्याला विष देवविले. वहिनीच्या अब्रूसाठी हरदौलने ते जाणूनबुजून घेतले. बुंदेलखंडात गावोगावी हरदौलाचा चबुतरा असतो आणि घरातील लग्नाचे पहिले निमंत्रण त्याला दिले जाते. आपल्याकडे गणपतीपुढे पत्रिका ठेवतात तसे. आमच्या मुक्कामाच्या गावीही कडुनिंबाखाली असा चबुतरा होता. त्यावर हळदीची बोटे उमटलेली एक ताजी लग्नपत्रिका दगडाखाली ठेवलेली आम्ही पाहिली.

शिवारात

पाच दिवसांपैकी एक दिवस आम्ही कोठेच गेलो नाही. पहाटे जिज्जीच्या धाकट्या दिरासोबत शेतावर गेलो. गहू, हरभरा आणि वाटाणा यांची शेते, मध्येच पळसाचे रान, आणि शेताशेतांतून उंच मचाणे. रात्री राखण कशाची, असे विचारता उत्तर मिळाले, 'अन्ना' जनावरांची. बुंदेलखंडात भाकड गाई-गुरे मोकळी सोडून देण्याची प्रथा आहे, तिला अन्ना प्रथा म्हणतात. पूर्वी ती फक्त उन्हाळ्यात, शेते रिकामी असताना पाळली जाई. आता चारा-पाण्याच्या टंचाईमुळे आणि ट्रॅक्टरने बैलांचे काम घेतल्यामुळे जनावरे वर्षभर मोकाट फिरतात, आणि शेतकरी डिसेंबरच्या थंडीत कांबळे पांघरून मचाणावर जागतो. बुंदेलखंडाच्या दुष्काळाविषयी आणि दिल्लीकडे होणाऱ्या स्थलांतराविषयी आपण वृत्तपत्रांतून वाचतो. त्या मचाणाखाली उभे राहिल्यावर त्या बातम्यांना चेहरा मिळाला.

बाकीच्या दोन दिवसांत बरुआसागर आणि दतिया झाले. बरुआसागरचा विस्तीर्ण तलाव आणि वाटेतील 'जराय का मठ' हे प्रतिहारकालीन देऊळ येथे आमच्याखेरीज एकही पर्यटक नव्हता. दतियाचा सातमजली महालही वीरसिंहाचाच. त्यात राजघराणे कधी राहिलेच नाही असे सांगतात; गच्चीवरून दिसणारे गाव आणि तळे पाहून ते न राहणाऱ्यांची कीव येते. ललितपूरकडील देवगढचे गुप्तकालीन दशावतार मंदिर आणि चंदेरी यांसाठी आणखी दोन दिवस हवेत. आमची रजा संपली होती.

या घरांचे अर्थकारण

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने पाच दिवस एका घरात राहावे आणि त्या घराचा ताळेबंद मनातल्या मनात मांडू नये, हे शक्य नाही. ओरछ्यात ही कल्पना नवी नाही. 'फ्रेंड्स ऑफ ओरछा' या स्वयंसेवी संस्थेने गंज मोहल्ल्यातील साध्या कुटुंबांकडे पाहुण्यांची सोय करण्यास बरेच आधी आरंभ केला. पुढे मध्य प्रदेश पर्यटन मंडळाने गावागावांत अशी घरे उभारण्यास हात दिला. निवाडी जिल्ह्यातील लाडपुरा खास या गावाचे नाव भारत सरकारने २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेच्या 'सर्वोत्तम पर्यटन ग्राम' स्पर्धेसाठी पाठविले होते.

जिज्जीच्या घरातील खोल्यांचे भाडे तिच्या स्वतःच्या बचत खात्यात जमा होते. हे तिने आवर्जून सांगितले, कारण आम्ही बँकेचे आहोत हे तिला कळले होते. शेताचा पैसा घरातील पुरुषांच्या हाती येतो, वर्षातून दोनदा, आणि पाऊस चुकला तर येतही नाही. खोल्यांचा पैसा लहान, परंतु हाती खेळता. त्यातून मुलीची महाविद्यालयाची फी गेली, दिल्लीत बांधकामावर गेलेला दीर परत आला आणि पाहुण्यांना ने-आण करण्यासाठी त्याने रिक्षा घेतली. एका घरावरून अनुमान काढणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे मान्य. तरीही मचाण आणि खोल्या या दोन गोष्टी एकाच कुटुंबाच्या जमाखर्चात शेजारी शेजारी पाहिल्यावर त्या भाड्याचे मोल कळते.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जे देण्याची घोषणा झाली. मुद्रा कर्जास तारण लागत नाही, ही जिज्जीसारख्या घरधनिणीच्या दृष्टीने मोठी सोय. कारण घर आणि जमीन बहुधा सासऱ्यांच्या नावावर असते. एक सूचना मात्र नमूद करावीशी वाटते. तेथे पाहुणे येतात ते ऑक्टोबर ते मार्च या काळात. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो आणि खोल्या रिकाम्या राहतात. अशा कर्जाला सरसकट मासिक हप्ता लावला, तर प्रामाणिक कर्जदाराचेही खाते उन्हाळ्यात थकणारच. पीककर्जाची परतफेड जशी सुगीशी जोडलेली असते, तशी ही परतफेड पर्यटनाच्या हंगामाशी जोडावयास हवी. आपल्या कोकणात 'न्याहारी व निवास' योजनेखाली खोल्या चालविणाऱ्या आमच्या खातेदारांनाही, तेथे हंगाम उलटा असला, तरी हे पटेल.

एक धोकाही दिसतो. पाहुण्याला खेडे आवडते म्हणून खेड्याने खेड्याचे सोंग घ्यावे, ही वेळ येऊ नये. पहिल्या रात्रीचे पनीर हे त्याचेच लहानसे रूप. पाहुण्यानेच घरचे अन्न मागितले, तर त्याला आळा बसतो.

जाण्यापूर्वी

आरक्षण हिवाळ्यासाठी दोन-तीन महिने आधी करावे. रेल्वेच्या संकेतस्थळावर गावाचे जुने नाव शोधू नये. स्थानकाचे नाव आता 'वीरांगना लक्ष्मीबाई झाशी' असे आहे. टॅक्सी ठरविताना दुसऱ्या राज्याचा कर भाड्यात धरला आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. पुष्य नक्षत्राच्या दिवशी रामराजाच्या दर्शनाला अलोट गर्दी होते, त्या दिवशी ओरछा सोडून दतियाला जावे. जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. लोकरीचे कपडे, विजेरी आणि थोडी सुटी रोकड जवळ असू द्यावी. रात्रीच्या जेवणात काय हवे ते दुपारीच सांगून ठेवावे, कारण घरात चूल एकच असते आणि जिज्जीला संध्याकाळी गाईंचे दूधही काढायचे असते.